चौथा स्क्रू

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल परवा पोचलं. टपालवाल्याने ते दारात ठेवलं, म्हणजे खरं तर सोडलं, आणि आत ऐरण आहे का असं विचारून पायरीवरच बसला. बाबांना त्याची हाक ऐकू आली नाही, पण फरशी हादरली ती पायांना कळली आणि ते बाहेर आले. आतलं लाउडस्पीकरच्या कर्ण्याचं युनिट बघून त्यांचा चेहरा असा खुलला की मला तुझा थोडा हेवाच वाटला. तेव्हापासून ते युनिट जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

तुला अर्ध्यात विसरायची सवय आहे, म्हणून आपला बेत पुन्हा लिहून ठेवते. बाबांना ऐकू येत नाही. चाळीस वर्षं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान चालवलं, शर्यतींत, सभांत, सर्कशीत कर्ण्यांच्या तोंडाशी उभे राहिले, त्याचं हे फळ. पण ते कबूल करतील तर शपथ. त्यांच्या मते त्यांचे कान ठणठणीत आहेत, जगच पुटपुटायला लागलंय. कानाच्या यंत्राचं नाव काढलं की जेवण सोडतात. चिठ्ठी लिहून दिली तर फाडतात आणि चिठ्ठ्या बहिऱ्यांना द्याव्यात म्हणून सांगतात. कानाशी ओरडलं तर त्यांना नुसता गोंगाट कळतो. कर्ण्यातून आलेलं मात्र बऱ्यापैकी समजतं, आणि कर्ण्यासमोर बसणं त्यांच्या लेखी बहिरेपण नाही, तो धंदा आहे. म्हणून तू जुनी युनिटं पाठवायची, ती दुरुस्त करून हौसेने त्यांनी बैठकीत बसवायची, आणि मग मी त्यातून त्यांना सांगायचं की मला बाइंडरांशी लग्न करायचं आहे.

सेहेचाळिसाव्या वर्षी बापाला एवढं एक वाक्य सांगायला इतका खटाटोप करावा लागेल असं वाटलं नव्हतं. तूच पत्रातून त्यांना कळवतोस म्हणालास, त्याला पुन्हा एकदा नाही. मी त्यांच्याच घरात राहते, माझं लग्न त्यांना टपालाने कळता कामा नये. त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकावं आणि हो म्हणावं. त्याशिवाय मी हे घर सोडणार नाही, हे मी बाइंडरांनाही सांगून टाकलं आहे. तीन गल्ल्या पलीकडे दोन खोल्या बघून ठेवल्यात, मालकीण एप्रिलअखेरपर्यंत थांबणार आहे.

खुणांनी सांगून झालं. परवा मी बोटात अंगठी घालण्याची खूण केली. बाबांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली, आत गेले आणि नळाचा रबरी वायसर घेऊन आले. बाइंडर तर काय, त्यांचं बोलणं मलाच कधी कधी जवळ सरकून ऐकावं लागतं. बाबांनी त्यांना सरळ मुकं ठरवलंय. चार महिने दर गुरुवारी दोघं हातवारे करून गप्पा मारतात, आणि बाइंडर इतके भिडस्त की त्यांनी ती समजूत मोडलेली नाही. आता हातवारे त्यांना छान जमतात.

माया आहे ती तशीच राहू दे, आणि पुढच्या पार्सलाला दोरी जाड लाव.
तुझी ताई


६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

युनिट पोचलं. ते कुठलं हे तुला ओळखता आलं नाही असं लिहितोस. येणार कसं? लहानपणी तुला कर्ण्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं हेही सांगावं लागायचं. तेव्हा आता तरी नीट शिक. आधी कारखान्याची पट्टी बघायची. हिच्यावर हंस आहे. हंसवाल्यांचा कारखाना बंद होऊन जमाना झाला, पण त्यांच्या मालाला तोड नव्हती. पट्टी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. मग मागच्या झाकणाचे स्क्रू मोजायचे. हंसवाले तीन लावायचे, तिनात भागतंय तर चौथा कशाला, असा त्यांचा हिशेब. मग सेल घ्यायचा. लाल टिंबाच्या पेचाला सेलचं धन टोक टेकवलं की आतला पडदा बाहेर उसळतो. वर कागदाचा कपटा ठेवला की तो उडताना दिसतो. हे वहीत लिहून ठेव.

तुझ्या युनिटची घरघर होत होती कारण कॉइलच्या फटीत लोखंडाचा कीस अडकला होता. तो चिकटपट्टीने काढला. लोहचुंबक जागचा हलवला नाही, तो उपसून बाहेर काढला की त्याची ताकद जाते. नवशिके हटकून तेच करतात. पडद्याला मात्र बोटभर चीर होती, तिथे मी अडलो. तेवढ्यात ताईकडे येणारा तो मुका बाइंडर आला. त्याने बघितलं, पिशवीतून पोथ्यापुस्तकांना लावायचा पातळ कागद काढला, एका बोटावर खळ घेतली आणि चीर अशी बुजवली की बोट फिरवून सापडेना. काय हात आहे. बिचाऱ्याला देवाने वाचा दिली नाही, पण सगळी अक्कल बोटांत घातली. नाहीतर हल्ली सगळं उलटंच असतं.

ताई बरी आहे. पुटपुटते फार. तिला काहीतरी सांगायचं असतं, बहुधा नळाबद्दल. मी वायसर बदलला आहे.

हंसवाले ही युनिटं जोडीने विकायचे. एकट्या युनिटला अर्थ नाही. जुळं शोध.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.
तुझे बाबा


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जुळं मिळालं, आणि मिळालं नाही. दोन्ही खरं आहे, आणि हे पत्र वाचून झाल्यावर जाळून टाक.

आठवडाभर रोज जुना बाजार पालथा घातला. पहिलं युनिट मी स्केटिंगचा हॉल मोडला तिथून आणलं होतं, तिथे दुसरं कधी नव्हतंच. शेवटी एका भंगारवाल्याच्या दुकानात दार उघडं राहावं म्हणून दाराशी ठेवलेलं एक युनिट दिसलं. आकार तोच, गोलाई तीच, पट्टी नाही. मी त्याला विचारलं की हे हंसवाल्यांचं आहे का. तो म्हणाला, तुम्हाला कोणाचं हवंय. आणि त्याने बिस्किटांचा एक डबा पुढे केला. डब्यात नुसत्या पट्ट्या होत्या. हंस, मोर, वाघ, मुकुट, विजेचा लोळ, सगळे कारखाने एका डब्यात सुखाने नांदत होते. मी हंस घेतला.

मग कुलूपवाल्याकडून दोन रिबिटं मारून घेतली आणि पाट्या रंगवणाऱ्याकडून हुबेहूब पहिल्यासारखा करडा रंग. ताई, मी दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासतो. वजनाच्या तळाला शिशाचा एक मणी कमी निघाला तर लोकांना ताटकळत उभं करतो. आणि संध्याकाळी बापाला फसवायला खोटी पट्टी ठोकतो. आजवर खोटं बोललो नाही असं नाही, पण लोखंडावर रिबिट मारून कधी बोललो नव्हतो.

एकच धास्ती आहे. याच्या मागच्या झाकणाला चार स्क्रू आहेत. ते बाबांनी मोजले की मी संपलो. पण एप्रिल जवळ येतोय आणि तुझ्या दोन खोल्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत, म्हणून पाठवतो. भावोजींना माझा नमस्कार सांग, तोंडाने किंवा हाताने.

तुझा लोभ माझ्यावर राहो, बाबांना कळल्यावर तो लागेल.
धाकटा


५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

शाबास. जुळंच आहे. पट्टी बघितली, हंस. पट्टी जरा तिरकी बसली आहे, म्हणजे शेवटच्या काळातला माल, तेव्हा कामगार नाराज होते. वजनाला हे दुसरं थोडं जड भरतं. त्याचं कारण उघड आहे, त्यांनी लोहचुंबक वाढवला. आणि मागे चार स्क्रू. मी दोन दिवस त्या चौथ्या स्क्रूवर विचार केला. निष्कर्ष असा, की तीन स्क्रूंचं झाकण हादऱ्याने सैल व्हायचं, मी स्वतः एकदा त्यांच्या कारखान्याला तसं पत्र टाकलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण सुधारणा केली. म्हणजे तो चौथा स्क्रू एका अर्थी माझा आहे. मुक्याला हे सगळं खुणांनी समजावलं. तो माझ्याकडे फार आदराने बघत राहिला.

या युनिटला बिघाड काहीच नव्हता, फक्त कर्ण्याकडच्या तोंडात कोळ्याचं घर होतं. सेल लावून बघितला नाही. जुळ्यांची नाडी दोनदा बघायची नसते.

दोन्ही बैठकीत चढवली. एक डाव्या भिंतीला, एक उजव्या, कर्ण्यांची तोंडं माझ्या खुर्चीकडे. खुर्ची टेप लावून बरोबर मधोमध ठेवली आणि चार पायांभोवती खडूने गोल काढले, कारण ताई केर काढताना वस्तू सरकवते. दोन्ही युनिटं एकाच माळेत जोडली आहेत. एक काढलं तर दुसरंही बंद पडेल, म्हणजे कोणी हात लावणार नाही. माइक स्वयंपाकघरात दिला, बैठकीत ठेवला तर कर्णे शिट्टी मारतात. जोडण्यापूर्वी एकेक युनिट स्वतंत्र वाजवून पाहिलं. तुला सांगतो, निवेदिकेचं शब्दन्‌शब्द कळलं. रेडिओवरचे लोक अजून पुटपुटत नाहीत, हे बघून बरं वाटलं.

ताई एकदम खूश आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला ती स्वतः बोलून उद्घाटन करणार, असं तिने बोटांनी दहा दाखवून सांगितलं.

इकडची काळजी नको, आशीर्वाद पोचल्याचं कळव.
तुझे बाबा


१६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. आज याहून जास्त लिहायचं त्राण नाही, पण लिहिते.

रविवारी दहाला बाबा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघरात माइकसमोर उभी राहिले. कागद हातात होता, पण कागदावरचं एक अक्षर दिसेना, म्हणून मनातलं बोलले. म्हणाले की बाबा, मला बाइंडरांशी लग्न करायचं आहे. ते मुके नाहीत, फक्त हळू बोलतात. आई गेल्यापासून आपण दोघंच आहोत, तुम्हाला एकटं सोडून जायची मला भीती वाटते, रोज संध्याकाळी येईन, पण तुम्ही हो म्हणाल तरच जाईन. आणि असंही म्हणाले की मी त्यांच्यावर प्रेम करते. हे मी आजवर बाइंडरांना स्वतःलासुद्धा एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मग माइक बंद केला, डोळे पुसले आणि बैठकीत गेले.

बाबा चष्मा पुसत होते. मला बघून त्यांनी हाताने विचारलं, कधी सुरू करतेस.

मी दारात तशीच उभी. आणि बाहेरून टाळ्या ऐकू आल्या. आपल्या बैठकीत मैदानावरचे कर्णे आहेत रे, आणि खिडक्या उघड्या होत्या. समोरची शिवणकामवाली खिडकीत उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि रडत होती. पाववाला दुकान सोडून रस्त्यावर आला होता. कोपऱ्यावरून बाइंडर येत होते, त्यांनी सगळं ऐकलं आणि ते पाववाल्याच्या पायरीवर मटकन बसले. नंतर समजलं की पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी रुग्णाच्या छातीवरची नळी काढून आधी माझं ऐकून घेतलं. सगळ्या गावाला कळलं, एक माझा बाप सोडून.

मी पुन्हा आत गेले, पुन्हा बोलले, यावेळी खिडक्या लावून आणि थोडक्यात. पुन्हा तेच. बाबांचं म्हणणं, आवाज कुठेतरी तळघरातून आल्यासारखा लागतो आणि याचं कारण मी पुटपुटते. आता मात्र माझा धीर सुटला आहे. उद्या कोणी वाटेत त्यांना काही सांगितलं, आणि चुकून त्यांना ते कळलं, तर माझ्याआधी पाववाल्याकडून कळेल. हे मला सहन होणार नाही.

काही सुचत असेल तर कळव. नसेल तरी पत्र पाठव, बरं वाटतं.
तुझी ताई


२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

लाउडस्पीकरचं गल्लीत फार कौतुक झालं आहे. मला एवढी अपेक्षा नव्हती. सोमवारी बाहेर पडलो तर शिवणकामवालीने माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणलं. आवाजाची कदर असणारी बाई आहे, एवढ्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. डॉक्टरांनी मिठी मारली. टपालवाला, जो पार्सलाच्या वजनावरून माझ्याशी बोलत नव्हता, त्याने पाठ थोपटली. सगळे काही ना काही पुटपुटत होते. मी प्रत्येकाला सांगितलं की यात माझं फारसं काही नाही, मूळ मालच चांगला होता, मी फक्त धूळ झटकली आणि चिरा बुजवल्या. ते ऐकून लोक हसायला लागले. बहुधा विनय आवडला.

पाववाल्याने केक पाठवला. वर साखरेने दोन लाउडस्पीकर काढले होते, एकाला एक चिकटून. त्याला चित्रकला येत नाही. दोन्ही लाल रंगवले आणि खालून टोकदार केले. पण भावना पोचली.

खरं सांगायचं तर मला स्वतःला आवाज तितका पसंत नाही. भिंतीपाशी अॅम्प्लिफायरजवळ उभा राहिलो की चांगला लागतो, खुर्चीत बसलो की बसतो. ताईला बोलायची रीत नाही. त्या दिवसापासून ती माझ्याकडे फार वाईट चेहऱ्याने बघते. तिला काय हवंय ते मला समजत नाही आणि हे मी फक्त तुला लिहितो.

खुशाली कळवत जा, आमचा लोभ आहे हे गृहीत धर.
तुझे बाबा


२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बाबांचं पत्र शेजारी ठेवून चार वेळा वाचली. एकेक युनिट वाजवलं तेव्हा त्यांना शब्दन्‌शब्द कळला. भिंतीशी उभं राहिलं की कळतो. फक्त खुर्चीत कळत नाही. ताई, तू पुटपुटत नाहीस. दोष माझा आहे.

प्रत्येक कारखान्याची लाल टिंबाची रीत वेगळी असते, हे मला परवा त्या भंगारवाल्यानेच हसत हसत सांगितलं. हंसवाल्यांच्या युनिटात लाल टिंबाकडून वीज आली की पडदा बाहेर येतो. माझ्या खोट्या हंसात तो आत जात असणार. म्हणजे एक युनिट हवा पुढे ढकलतं त्याच क्षणी दुसरं ती मागे ओढतं. खोलीत इतरत्र काही बिघडत नाही, पण दोघांच्या बरोबर मधोमध एकाचं ढकलणं आणि दुसऱ्याचं ओढणं फिटून जातं. आणि बरोबर मधोमध आपल्या बाबांनी टेप लावून स्वतःची खुर्ची ठेवली आहे. बाबा बाहेर गेले की रेडिओ लावून तिथे बसून बघ.

खुर्ची हातभर सरकवली तरी भागेल. पण खडूचे गोल आहेत.

हे खरं निघालं तर बाबांना सांगावं लागेल, आणि ते मी सांगेन. तुझ्या लग्नाचा एक शब्द काढणार नाही.

माझ्यावर अजून माया असेल तर उलट टपाली उत्तर दे.
धाकटा


१ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बसून पाहिलं. त्या खुर्चीत निवेदिका बादलीखालून बोलल्यासारखी लागते. मान कडेला नेली की भरघोस. मग मी केर काढताना खुर्ची वीतभर सरकवली. बाबांनी टेप आणला, मोजलं, जागेवर ठेवली आणि माझ्यासमोर खडू नव्याने फिरवला.

सांग त्यांना. माझ्यासाठी तुला बोलणी खावी लागणार, त्याबद्दल तू लहान असताना मी तुला मारलेल्या सगळ्या चापट्या मागे घेते.
तुझी ताई


४ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उभं राहून लिहितो आहे, बसून लिहायची हिंमत होत नाही.

दुसरं युनिट हंसवाल्यांचं नाही. कोणाचं आहे ते मला ठाऊक नाही. पट्टी मी बिस्किटांच्या डब्यातून निवडून ठोकून घेतली आणि रंगही मीच लावून घेतला. तुम्हाला जुळं हवं होतं आणि जगात ते सापडत नव्हतं. तुमचा आनंद बघायचा होता, तोही मी पत्रातूनच बघणार होतो, तरीही मोह झाला. चौथा स्क्रू हंसवाल्यांनी तुमच्या पत्रावरून लावलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ते वाक्य वाचल्यापासून मला धड झोप नाही.

कृपा करून दुसऱ्या युनिटला सेल लावून बघा आणि कपटा कुठे जातो ते पाहा. आत गेला तर त्याच्या तारा उलट करा. ताई नीट बोलते, बाबा. तिचं ऐका एवढीच विनंती.

रागावलात तरी आशीर्वाद मागे घेऊ नका.
धाकटा


९ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद या पत्रात नाहीत. पुढच्यात बघू.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस त्या युनिटकडे पाठ करून जेवलो. काटे तपासणारा माणूस तू. नोकरीवर सांगू का? चाळीस वर्षांत मला खोटा माल कोणी खपवू शकलं नाही आणि पोटच्या पोराने दोन रिबिटांत खपवला. तिसऱ्या दिवशी सेल लावला. कपटा आत ओढला गेला.

पण मी दुसरीही एक गोष्ट बघितली, ती लिहितो. स्क्रू चार होते. वजन जास्त होतं. पट्टी तिरकी होती. सगळं युनिट ओरडून सांगत होतं की मी जुळं नाही, आणि मी प्रत्येक गोष्टीला माझ्या सोयीचं कारण शोधलं, कारण मला जुळं हवं होतं. तेव्हा दोष तुझा अर्धा आणि माझा अर्धा. असं मी इतर कशाच्या बाबतीत करत असेन का, हा विचार आला. तो अजून गेलेला नाही.

मुक्याला बोलावलं आहे, गुरुवारी तारा उलट करू.
बाबा


१९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रातले धरून.

ताईने तुला तिच्या बाजूने सगळं कळवलं असेलच. तू लग्नाला आलास, केक खाल्लास, पण त्या गुरुवारी काय झालं ते माझ्याकडून तू ऐकलेलं नाहीस. पाहुण्यांच्या गर्दीत मी ते बोललो नसतो.

मुक्याने तारा उलट केल्या आणि मी सोल्डर मारला. खुर्चीत बसलो. ताई आत गेली. आधी काही नाही, नुसता तिचा श्वास. मग ती बाबा म्हणाली. धाकट्या, मी तो आवाज किती वर्षांत ऐकला नव्हता ते मला तेव्हा कळलं. मी तिचे ओठ हलताना रोज बघत होतो, पण ती अवघड शब्दाआधी जरा थांबते, हे मी विसरून गेलो होतो. लग्न या शब्दाआधी ती थांबली. मग सगळं बोलली. मी हो म्हटलं नाही तर ती जाणार नाही, हेही बोलली. तोवर मला वाटत होतं की ती नळाबद्दल बोलते.

त्यानंतर दुसराच आवाज आला, बारीक, पण कुठेही घरघर नसलेला. मी मागे वळून बघितलं तर मुका जागेवर नव्हता. तो माइकसमोर उभा राहून माझी परवानगी मागत होता. नंतर मी त्याला विचारलं की इतके महिने बोलला का नाहीस. तो माइकवर म्हणाला, मी बोलतच होतो.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो, दोघांना बाजूला केलं आणि माइक घेतला. हो म्हणालो. मग असंही म्हणालो की लोक पुटपुटत नाहीत, मी बहिरा आहे. हे मी फक्त त्या दोघांना सांगत होतो, पण खिडक्या उघड्या होत्या आणि माझा आवाज मला कळत नाही. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेलो तर ते म्हणाले, हो, ऐकलं आम्ही.

यंत्र घेतलं. वाटाण्याएवढं आहे, मागे एकही स्क्रू नाही, कारखाना ओळखता आला नाही. ते का घेतलं ते सांगतो. लग्नानंतर मी ताईला म्हटलं की घराची किल्ली तुझ्याकडेच राहू दे. ती म्हणाली की आता मी पाहुणी, घंटा वाजवून येणार आणि तुम्ही दार उघडायचं. आजवर ती किल्लीने आत यायची, त्यामुळे ती आली हे मला ऐकू येण्याची गरजच पडली नव्हती. आता पडते.

पहिल्या दिवशी सहाला घंटा वाजली. मी दाराच्या आतच उभा होतो, साडेपाचपासून. तरी उघडलं नाही. मग तिने दुसऱ्यांदा वाजवली, तेव्हा उघडलं. ती घाबरून विचारायला लागली, पहिल्यांदा ऐकू आलं नाही का. मी नाही म्हणालो. ऐकू आलं होतं. पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

तूही ये कधी, घंटा वाजवून.
तुझे बाबा